उलटी धोंडी

अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाचं सगळं खापर करंजदऱ्याच्या लोकांनी पाच वर्षांच्या एका पोरावर फोडलं. पोराचं नाव धोंडीराम, आणि नावातच त्याची फसगत झाली होती.

करंजदरा आष्टी तालुक्यातलं, बालाघाटाच्या अगदी पायथ्याचं गाव. त्याआधीची तीन वर्षं तिथं पाऊस पडला तो फक्त रेडिओवर. जनावरं छावणीला गेली, निम्मी माणसं ऊस तोडायला माजलगावकडं गेली आणि उरलेली टँकरपाशी एकमेकांच्या घागरी फोडत बसली. तिसऱ्या वर्षानंतरचा जूनही कोरडा जायला लागला तेव्हा गावानं धोंडी काढायचं ठरवलं. म्हणजे एका पोराला उघडं करून कमरेला लिंबाचा पाला गुंडाळायचा, डोक्यावरच्या पाटावर बेडूक बांधायचा आणि घरोघर फिरवून त्याच्यावर पाणी ओतायचं. पोर कोणाचं घ्यायचं यावर फार चर्चा झाली नाही. दूध संस्थेच्या सेक्रेटरीच्या, गहिनीनाथच्या घरी धोंडीराम नावाचं पोर तयारच होतं.

पण पोराच्या आईनं, शिवकन्येनं, एक अट घातली. पाणी नुसतं शिंपडायचं नाही, ओतायचं. नुसतं शिंपडणार असाल तर दुसरं पोर शोधा. धोंडूला धड अंघोळ मिळून चार महिने झाले होते. गावात त्रेसष्ट घरं, घरटी अर्धा तांब्या धरला तरी पोर स्वच्छ निघत होतं. मिरवणूक निघाली तेव्हा ती मागनं चालत होती, आणि तिसऱ्या घरापाशी तिनं पदरातून साबणाची वडी काढून देवाच्या कामात पोराचं डोकं धुऊन घेतलं. म्हाताऱ्या कुरकुरल्या. तिनं कान, मान, पाठ सगळं उरकलं आणि आपल्या मोठ्या दोन पोरांनाही त्याच पाण्याखाली ओढलं. राधाकिशन दहा वर्षांचा, पंडित आठचा. त्या दिवशी गावात स्वच्छ अशी तीनच माणसं होती.

आठ दिवसांनी पाऊस आला. आणि मग गेलाच नाही.

श्रावणापर्यंत लोकांनी धोंडूचे लाड केले. बायका बोलावून बोलावून बत्तासे द्यायच्या. पण भादवा लागला आणि वाऱ्याची दिशा फिरली. बाजरी कणसातच काळी पडली, तूर पिवळी पडली, मातीच्या भिंती बसायला लागल्या. डोंगरावरून दर दोन दिवसांनी ओढ्याला लाल पाणी यायचं आणि आष्टीचा रस्ता बंद व्हायचा. मग पारावरचे लोक धोंडूला बघून म्हणायचे, बास कर की बाबा आता.

शिवकन्येच्या घरात तर निराळाच पूर होता. दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत संस्थेचं दूध गोळा व्हायचं. दुधाचा टेम्पो यायचा बंद झाला, पण गाई-म्हशींना ते कोणी कळवलं नव्हतं. लोक सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन यायचे, आणि गहिनीनाथ नियमाप्रमाणे दूध मोजून, स्निग्धांश तपासून, म्हणजे फॅट लावून, कॅनमध्ये ओतायचा, मग ते कॅनमध्ये नासायचं. शिवकन्येनं खवा आटवला, ओल्या लाकडांनी निम्मा धुराच्या वासाचा झाला. तीन पोरांच्या तीन चड्ड्या वाळायच्या नावाखाली चुलीवर लटकत होत्या, पंडितच्या चड्डीला भोक पडलं. पोरं घरात कोंडलेली. ती एकमेकांना चावायची. थोरल्यानं एक दिवस ओढ्यातून मासा धरून आणला, आणि त्याचं काय करायचं ते दुष्काळात वाढलेल्या घरात कोणालाच माहीत नसल्यानं तो रात्रभर बादलीत पाहुणा म्हणून राहिला.

मग अर्जुनरावांची भिंत पडली. अर्जुनराव गावातले सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात रिकामे. भिंत त्यांच्या बाजेवर पडली, ते नेमके बाहेर गेलेले म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी धोंडूला रस्त्यात धरलं. चेष्टाच करत होते, पण तोंड गंभीर ठेवून.

“बेट्या, ज्याला सांगून पाऊस आनला त्याला सांगून थांबव. न्हाईतर माझं घर तू बांधून दे.”

धोंडू घरी आला तो जेवला नाही. एका भिंतीला विटा किती लागतात, असं त्यानं बापाला विचारलं. गहिनीनाथ दुधाच्या वह्या वाळवत होता, त्यानं विचार न करता हजारभर म्हणून सांगितलं. धोंडूला वीसपर्यंत मोजता येत होतं.

ते दु:ख बघून मोठ्या भावांनी मसलत केली. राधाकिशनचं डोकं वकिलासारखं चालायचं. ओलं पोर आणि ओला बेडूक फिरवल्यावर पाऊस येतो, तर कोरडं पोर आणि कोरडा बेडूक नेल्यावर तो जायलाच पाहिजे. नुसतं गावात फिरून भागायचं नाही, थेट देवाला दाखवायला हवं. देव म्हणजे दरोबा. गावाच्या वर, दोन ओढ्यांच्या बेचक्यातल्या टेकाडावर शेंदूर फासलेला एक धोंडा. हे सगळं पंडितला पटलं, कारण त्याला शाळा नसल्यानं दुसरं काही काम नव्हतं. पाऊस असला की मास्तर ओढ्याच्या पलीकडंच थांबायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाले. धोंडूच्या अंगात लग्नाकार्याची कोरडी कापडं, डोक्याला तेल, तोंड मुद्दाम न धुतलेलं, वरून खताच्या पोत्याची खोळ. बेडूक बापाच्या टॉवेलानं पुसून, दुधाचा नमुना ठेवायच्या डब्यात कोंड्यावर बसवलेला. आईला त्यांनी सांगितलं की आम्ही पारावर चाललो. ती नासलेलं दूध उकिरड्यावर ओतत होती, तिनं मान न वळवता लवकर या म्हणाली.

दरोबाच्या देवळात आधीच एक माणूस बसलेला होता. भगवानराव, दूध संस्थेचे चेअरमन. देवळावर नवे पत्रे त्यांनीच घातले होते आणि पत्र्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं, देवाच्या नावापेक्षा दोन बोटं मोठं. टेकाडाच्या वरच्या अंगाला दुष्काळी कामावर झालेला पाझर तलाव होता, त्याचं कामही त्यांच्याच मेव्हण्यानं केलं होतं आणि देखरेख त्यांनी. तीन वर्षं तो तलाव म्हणजे पोरांचं गोट्या खेळायचं मैदान होतं. आता तो काठोकाठ भरला होता आणि बांधाच्या पायथ्यातून गढूळ पाणी सुटलं होतं. ते बघायला चेअरमन पांढऱ्या कपड्यांत, छत्री घेऊन एकटेच आले होते. कोणाला सोबत घेतलं असतं तर त्यालाही ते गढूळ पाणी दिसलं असतं.

पोरांना बघून त्यांनी कशाला आलात म्हणून विचारलं. राधाकिशननं सगळं सांगितलं. चेअरमननी बेडूक बघितला आणि सरकून देवापुढं जागा करून दिली. धोंडूनं डबा देवापुढं उघडला, हात जोडले आणि मोठ्यानं देवाला सांगितलं की आता पुरे, अर्जुनआबाला घर न्हाई.

तेवढ्यात वर आवाज झाला. पंडित पुढं आयुष्यभर सांगायचा की तो आवाज फार मोठा नव्हता. पोतं खाली टाकल्यासारखा, बस. मग बांधाचा कोपरा हळूच बसला, आणि त्यातून तीन वर्षं न आलेलं पाणी एकदम बाहेर पडलं. ते टेकाडापाशी फुटून दोन्ही ओढ्यांना भिडलं. लाल पाणी, त्यात बाभळी, दगड, कोणाची तरी कडब्याची गंज. बघता बघता टेकाडाच्या दोन्ही बाजू बंद झाल्या आणि खाली जिथं ओढे मिळतात तिथून गावाची वाटही गेली. देवळाच्या पायऱ्या सहा होत्या, त्यातल्या तीन राहिल्या.

चेअरमन खांबाला धरून बसले. त्यांची छत्री गेली. पोरं आधी ओरडली, मग रडली, मग राधाकिशननं दोघांना देवाच्या मागं बसवलं. धोंडू रडत नव्हता. तो डब्यात बघत होता. बऱ्याच वेळानं त्यानं चेअरमनच्या धोतराला हात लावला.

“चेरमनकाका, हे मीच केलं का?”

भगवानरावांनी आयुष्यात शेकडो भाषणं केली होती. त्यांच्यापाशी प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं आणि ते साधारण पाऊण तास चालायचं. पण या पोराचे ओठ निळे पडले होते, आणि ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

“न्हाई,” ते म्हणाले. “पाऊस कुनी आनीत नस्तंय. तू बी न्हाई आन् ह्यो दगड बी न्हाई.”

“मंग तलाव कुनी फोडला?”

चेअरमननी फुटलेल्या बांधाकडं बोट केलं. मग म्हणाले, बांधाच्या पोटात काळी माती भरायची असते, ती लांबून आणावी लागते. आम्ही जवळचा मुरूम भरला, तो पाणी धरत नाही. तलाव मी फोडला, असंच म्हण.

धोंडूनं ते ऐकून घेतलं, आणि कालपासून पहिल्यांदा त्याला भूक लागली. देवापुढं एक नारळ होता. चेअरमननी तो उंबऱ्यावर फोडला आणि चौघांनी खाल्ला. कोंड्यातल्या बेडकालाही एक तुकडा टाकला, त्यानं तो बघितलासुद्धा नाही.

इकडं अलीकडच्या काठावर सगळा गाव जमला होता. टेकाडावरची तीन पोरं दिसत होती आणि एक पांढरं धोतर. लोकांचं म्हणणं पडलं की डोंगराचं पाणी आलं तसं जातं, उद्यापर्यंत ओसरेल, धीर धरा. पण टेकाडाची कड ढासळत होती. दुपार कलली तेव्हा चौथी पायरी गेली. गहिनीनाथ काठावर इकडून तिकडं फिरत होता आणि पोरांची नावं घेत होता. त्याला पोहता येत नव्हतं. गावात कोणालाच येत नव्हतं, यायचं कारणच नव्हतं. विहिरीत गाळ आणि ओढ्यात वाळू, पोहणार कशात.

शिवकन्या धार कुठून कुठं जाते ते बघत होती. तिचं माहेर तलवाड्याच्या पलीकडं, गंगेच्या काठावर. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. लहानपणी ती म्हशीच्या पाठीवर बसून पात्रात उतरायची आणि म्हैस सोडून पोहत परत यायची. लग्न होऊन करंजदऱ्याला आल्यावर बारा वर्षांत तिनं ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. जिथं घागरीसाठी डोकी फुटतात तिथं मला पोहता येतं म्हणून सांगणं तिला उगाच मिरवल्यासारखं वाटायचं.

ती नवऱ्याजवळ गेली. म्हणाली, “आवं, घरातले रिकामे कॅन आना. झाकनं घट्ट लावून. आन् आपली बाज आना.”

गहिनीनाथ म्हणाला, कॅन संस्थेचे हायत. मग स्वतःच स्वतःचं ऐकलं आणि पळत सुटला.

आठ कॅन बाजेच्या चारी बाजूंना बांधले. जुन्या मोटेचे नाडे कोणाकोणाच्या माळ्यावर पडलेले होते, ते एकाला एक जोडून मधोमध बाज अडकवली. शिवकन्येनं लुगड्याचा काचा मारला, दोरीचं एक टोक कमरेला बांधलं आणि वरच्या अंगाला चालायला लागली. पुरुषमाणसं मागं. विठ्ठलराव म्हणून एक होते, ते म्हणाले की बाईमाणसानं असं उतरणं बरं दिसत नाही. तिनं दोरी कमरेची सोडून त्यांच्यापुढं धरली. विठ्ठलरावांना एकदम खोकला आला.

ती बरंच वर गेली, कारण गंगाकाठच्या माणसाला माहीत असतं की पाण्याशी भांडायचं नसतं, तिरकं निघून जायचं. मग उतरली. लोकांना तिचं डोकं दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. एकदा एक बाभळीचं झाड आलं, ती खाली गेली, झाड वरून गेलं. गहिनीनाथनं डोळे मिटले. त्यानं उघडले तेव्हा ती टेकाडाच्या कडेला चिखलात पालथी पडून ओकत होती.

पोरं तिला येऊन चिकटली. तिनं आधी प्रत्येकाच्या एक एक ठेवून दिली, थोरल्याच्या दोन, आणि मग जवळ घेतलं. दोरी देवळाच्या खांबाला बांधून तिनं बाज ओढून घेतली. तिन्ही पोरं बाजेवर पालथी झोपवली, पदर फाडून बांधली, आणि ती स्वतः मागनं पाण्यात. अलीकडून वीस माणसं ओढत होती. मधल्या धारेत एक कॅन सुटला आणि बाज कलंडली. धोंडूच्या हातातला डबा उघडून बेडूक पाण्यात गेला. धोंडूनं तेवढ्यातही हात घातला, तिनं तो हात दातांनी धरला. तिचे दोन्ही हात बाजेला होते.

पोरं काठाला लागली. गहिनीनाथनं तिघांना एकदम उचलायचा प्रयत्न केला आणि तिघांसकट चिखलात बसला.

आता चेअरमन राहिले होते. शिवकन्या बाजेच्या गाठी तपासायला लागली. लोकांनी म्हटलं, राहू दे, त्यांचं बघू. ती परत उतरली. टेकाडावर भगवानराव बाजेकडं बघून मागं सरकायला लागले. एखादा गडीमाणूस पाठवता आला असता तर, असं काहीतरी म्हणाले.

“चेरमनसाहेब, पवता येनारी मी एकटीच हाय,” ती म्हणाली. “बसायचं तर बसा. न्हाई तर देवाशेजारी जागा हाय, वर पत्र्यावर नाव बी लिवलेलं हाय.”

ते बसले. पोरांपेक्षा जास्त घट्ट धरून बसले. अर्ध्यात त्यांचं धोतर सुटून वाहून गेलं, तेव्हा काठावरच्या बायकांनी तोंडं फिरवली आणि लगेच परत वळवली.

त्या संध्याकाळी चुलीपुढं वाळत बसलेला धोंडू आईला म्हणाला की पाऊस मी आणला नाही, आणि तलाव चेरमनकाकानं फोडला, त्यांनीच सांगितलं. शिवकन्येनं नवऱ्याकडं बघितलं. गहिनीनाथनं तिला हळू आवाजात समजावलं की त्यांच्या हाताखाली आपली नोकरी आहे, भेदरलेला माणूस काहीही बोलतो, पोरं काहीही ऐकतात. तिनं चुलीत लाकूड सारलं.

पंधरा दिवसांनी संस्थेची सभा भरली, गहिनीनाथच्याच अंगणात. ऊन पडलं होतं. भगवानराव नव्या धोतरात आले. त्यांनी नैसर्गिक आपत्तीवर बोलायला सुरुवात केली. निसर्गापुढं कोणाचं चालत नाही, असं म्हणाले. मग लोक पेंगायला लागलेले बघून त्यांनी नेहमीचा विनोद केला. आमच्या सेक्रेटरीच्या पोरानं इतका पाऊस आणला की तलावालासुद्धा झेपला नाही. लोक हसले. अर्जुनराव सगळ्यात मोठ्यानं. धोंडू बापाच्या मांडीवर बसला होता, त्यानं तोंड बापाच्या सदऱ्यात घातलं.

शिवकन्या चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. पण ती बोलायच्या आधीच गहिनीनाथ उठला. पोराला कडेवर घेऊन उठला. सभेत तो फक्त मागल्या वर्षीचा अहवाल वाचायचा, तोही घाबरत.

“साहेब,” तो म्हणाला, “देवळात ह्याला जे सांगितलं ते परत सांगा. ह्याला पुन्ना वाटाया लागलंय की त्यानंच केलं.”

चेअरमननी ग्लासातलं पाणी पिऊन घेतलं. मग पोराकडं बघून, बाकी कोणाकडंही न बघता, ते म्हणाले की पोराचा दोष नाही. काळी माती घालायची होती, मुरूम घातला, माझ्या देखरेखीखाली घातला. एवढं बोलून ते थांबले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन बोलायचे थांबले की टाळ्या वाजवायच्या, ही सवय जुनी होती. आपण कशाला टाळ्या वाजवल्या हे लक्षात आल्यावर मग भांडणं सुरू झाली, ती संध्याकाळपर्यंत चालली.

त्यातून फार मोठं काही निघालं नाही. भगवानराव पुढच्या वर्षी बिनविरोध परत निवडून आले, कारण दुसरा कोणी उभा राहिला नाही. गहिनीनाथची नोकरी राहिली, कारण फॅट लावता येणारा दुसरा माणूस गावात नव्हता. पण हिवाळ्यात बांध परत घातला गेला तो काळ्या मातीचा. कामावरच्या बायका प्रत्येक गाडी उकरून बघायच्या आणि मुरूम निघाला तर गाडी आहे तशी चेअरमनच्या दारात नेऊन ओतायच्या. असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा वेळ आली नाही. अर्जुनरावांची भिंत त्यांच्या मुलानं बांधली. ते धोंडूच्या वाटेला पुन्हा गेले नाहीत.

जुन्या बांधाखाली पाण्यानं उकरलेला एक डोह राहिला होता, पुरुषभर खोल. शिवकन्या रोज दुपारी तिन्ही पोरांना तिथं नेऊन पोहायला शिकवायची, कमरेला रिकामी किटली बांधून. राधाकिशन बुद्धीनं पोहायचा म्हणून बुडायचा. पंडितला आठ दिवसांत आलं. धोंडू पाण्यात उतरला की बाहेर यायचंच नाव घ्यायचा नाही. काठावर बघे जमायचे, बायकाच जास्त.

एका दुपारी त्यातली एक बाई लुगडं खोचून पुढं आली. ती छबुबाई होती, चेअरमनची बायको, पन्नाशीची, अंगानं भक्कम. तिनं मलाही शिकव म्हणून शिवकन्येला सांगितलं. शिवकन्येला वाटलं ही थट्टा करते. म्हणाली, मामी, या वयात कशाला.

“आमच्या घरी तलाव बांधनारा मानूस हाय,” छबुबाई म्हणाली. “घरात पवता येनारं एक तरी पायजे.”

पहिल्या दिवशी ती दोनदा बुडाली आणि शिवकन्येचे केस धरून वर आली. दुसऱ्या दिवशी परत आली, येताना जावेलाही घेऊन आली.